आभार आधी

14 एप्रिल 2016 ला सभा-समारंभांच्या व्यावसायिकांनी आपला जागतिक दिवस पहिल्यांदा पाळला. ‘ग्लोबल मीटिंग्ज इंडस्ट्री डे’ हे त्याचं नाव. आदल्या वर्षी तो उत्तर अमेरिकेपुरताच झाला होता. परिषदा भरवणाऱ्यांनी, हॉटेलवाल्यांनी, आयोजकांनी एकत्र यावं आणि आपल्या कामावर किती पोटं चालतात हे जगाला सांगावं, असा त्यामागचा हेतू.

आपल्याकडे त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्माला 125 वर्षं पूर्ण होत होती. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये मांडववाला, साउंडवाला, लायटिंगवाला, कुणालाच आदल्या रात्रीपासून झोप नव्हती. त्यांच्या नावाचा दिवस उजाडला तेव्हा ते शिडीवर होते. तेव्हापासून एप्रिल आला की या माणसांचं वर्ष कसं गेलं, हे मी आवर्जून बघतो.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नोटाबंदी आली, ती नेमकी लग्नसराईच्या तोंडावर. हा धंदा रोखीचा. मजुराला संध्याकाळी हातावर पैसे, फुलवाल्याला पहाटे. त्या महिन्यात बल्ल्या उभ्या राहिल्या त्या ओळखीवर आणि उधारीवर. पुढच्या जुलैपासून जीएसटी आला, आणि ज्यांचा सगळा हिशेब खिशातल्या वहीत असायचा त्यांना बिलबुक छापून घ्यावं लागलं.

2019 चा 27 जुलै मात्र थांबून सांगावा असा आहे. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात रात्रभर अडकली. हजारावर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढलं, त्यांत नऊ गर्भवती होत्या. सुटका झालेल्यांसाठी डॉक्टर आणि खाण्यापिण्याची सोय कुठे केली? तर बदलापूरच्या एका मंगल कार्यालयात. मला त्याचं नवल वाटलं नाही. मोठी जमीन, भरलेली टाकी, ओळीने नळ, शेकडोंचा स्वयंपाक पेलणारं स्वयंपाकघर आणि गाड्या वळवायला अंगण, हे सगळं एका ठिकाणी आपल्या गावांत दुसरीकडे कुठे मिळतं? लग्नासाठी बांधलेली वास्तू संकटाच्या दिवशी गावाचं घर होते. या व्यवसायाचं महत्त्व कुणाला पटवायचं असेल, तर मी आधी ही गोष्ट सांगेन.

आणि मग 14 एप्रिल 2020. पुन्हा तीच तारीख, दोन्ही दिवस पुन्हा एकत्र. त्या सकाळी कोरोनाची टाळेबंदी 3 मेपर्यंत वाढल्याचं जाहीर झालं. जयंती लोकांनी घराघरांत केली, जागतिक दिवस संगणकाच्या पडद्यावर झाला. लग्नाला आधी 50 माणसांची मर्यादा होती. 2021 च्या एप्रिलात ती 25 वर आली, तीही दोन तासांत आटपायची. 25 माणसांना मांडव कशाला लागतो? निर्बंध उठले ते 2022 च्या एप्रिलात, गुढीपाडव्याच्या सुमारास. त्याच आठवड्यात अंबरनाथमधल्या एका गोदामात गेलो होतो. मालक कापडाचे तागे उलगडून उन्हात टाकत होता. घड्यांच्या कडा उंदरांनी कुरतडलेल्या. त्यानं एक पट्टा हातात धरला, भोकातून बोट आरपार काढलं आणि म्हणाला, “हे आतल्या बाजूला लावू.” रद्द झालेल्या एका लग्नाचे पैसे तोवर त्याला मिळाले नव्हते. त्यानं ते मागितलेही नव्हते.

या लोकांचा स्वतःचा सण खरं तर खंडेनवमी. हातोडी, पक्कड, शिडी, ॲम्प्लिफायर यांना हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. पण ती येते ऐन नवरात्रात. त्यामुळे पूजाही दुसऱ्याच्या मांडवामागे, कनातीच्या आडोशाला होते आणि नारळ फोडून माणसं पुन्हा वर चढतात.

म्हणून हा जागतिक दिवस इथे पाळायचा तर हॉटेलातल्या चर्चासत्राची गरज नाही. कार्यक्रम संपला की त्याच रात्री बिल चुकतं करावं. वाढप्यांची पंगत शेवटची असते, ती एकदा पहिली बसवावी. उघड्या वायरींवरून पोरं धावत असतील तर आयोजकानं स्वतः वाकून बघावं, कारण शॉक बसतो तो आधी मांडवातल्या माणसाला. आणि आभारप्रदर्शन. “मंडप आणि ध्वनिव्यवस्था” हे शब्द येईपर्यंत निम्मे लोक चपला शोधत असतात. ते वाक्य सुरुवातीला घ्यावं.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात ते आम्ही केलं. दीपप्रज्वलनानंतर लगेच साउंडवाल्याचं नाव पुकारलं. तो जागचा हलला नाही. त्यानं मिक्सरकडे बोट दाखवलं. सोडून आला असता तर माइक किंचाळला असता. मग आमच्या सेक्रेटरीबाई शाल-नारळ घेऊन मंचावरून खाली उतरल्या आणि खुर्च्यांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेल्या. त्यानं डाव्या हातानं नारळ घेतला. उजवा हात मिक्सरवरच होता.