मनुष्यविरहित स्थानक आणि नामफलकाची भाषा

रेल्वेमार्गावरील ज्या लहान थांब्यास स्टेशनमास्तर नसतो, त्यास आपल्याकडे बहुधा 'हॉल्ट' म्हणतात. तेथील तिकिटविक्री पुष्कळदा स्थानिक इसमाकडे कमिशनवर सोपविलेली असते. तो जवळच्या मोठ्या स्टेशनावरून तिकिटे आणून विकतो. जपानमध्ये एकूण स्थानकांपैकी जवळजवळ निम्म्यांवर कर्मचारी नसतात. अशा स्थानकास तेथे 'मुजिन-एकी' ही संज्ञा आहे. 'मुजिन' म्हणजे मनुष्यविरहित. 'एकी' या शब्दाच्या चित्रलिपीतील चिन्हात घोड्याचे चिन्ह अंतर्भूत आहे. कारण पूर्वी त्या शब्दाने घोडे बदलण्याचा टप्पा दर्शविला जात असे. जपानी संज्ञा माणसाचा अभाव सांगते. आपला 'थांबा' गाडीची क्रिया सांगतो. माणूस नसता प्रवाशास माहिती कोणी द्यावयाची, हे मात्र दोन्ही शब्द सांगत नाहीत. ते कार्य नामफलकाचे होय.

जपानी चित्रलिपीत लिहिलेल्या ग्रामनामाचा उच्चार परक्यास निश्चित करता येत नाही. म्हणून तेथील फलकावर तेच नाव हिरागाना या उच्चारदर्शक लिपीत आणि रोमन लिपीतही देतात. शिवाय मागील व पुढील स्थानकांची नावे असतात. आपल्या फलकावर प्रादेशिक भाषा, हिंदी व इंग्रजी यांची योजना असते. महाराष्ट्रात पहिल्या दोहोंची लिपी एकच असल्यामुळे उच्चाराचा प्रश्न सुटला असे वाटते. परंतु तसे नाही.

मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. त्यावरील कोल्हापूरजवळच्या एका थांब्याचे नाव गुळाच्या बाजारावरून पडले आहे. रेल्वेच्या इंग्रजी वेळापत्रकात मात्र ते 'गुर मार्केट' असे वाचावे लागते. हिंदीतील 'गुड़' या शब्दाचा अंत्य वर्ण इंग्रजीत 'र'च्या अक्षराने लिहितात, हे त्याचे कारण. परिणामी 'गूळ' शब्दातील 'ळ' लोपला, आणि मराठी कानास तो गुरांचा बाजार वाटू लागला! याच मार्गावरील 'निमशिरगाव-तमदलगे' हे जोडनाव निराळ्या प्रकारचे आहे. थांबा एक, गावे दोन. तेव्हा नावात दोघांचाही वाटा राखला गेला. येथे नाव हे दिशादर्शनाचे साधन तर आहेच, पण गावाचा हक्कही आहे.

मोठ्या स्टेशनावर नाव चुकीचे लिहिलेले असले तरी चौकशीस माणूस असतो. हॉल्टवर ती सोय नसते. रात्री उतरू पाहणाऱ्या अनोळखी प्रवाशास फलकावरील अक्षरांवरच विसंबावे लागते. म्हणून जेथे माणूस नाही, तेथे ग्रामनामाच्या लेखनाची चिकित्सा अधिक काटेकोर असावी. त्यासाठी गावकऱ्यांचा उच्चार प्रथम नोंदवावा, त्यावरून देवनागरी लेखन ठरवावे, आणि रोमन लेखन त्या देवनागरीवरून करावे. हिंदी रूपावरून करू नये.