नेपोलियन, सरफोजी आणि बशीभर शेवाळ

पट्टुक्कोट्टैच्या पुढे, अगदी समुद्राच्या काठावर, ‘मनोरा’ उभा आहे. षटकोनी, आठमजली. नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून तंजावूरच्या सरफोजीराजांनी दोस्त इंग्रजांच्या सन्मानार्थ तो उभारला. शिलालेखावर साल आहे १८१४.

आता गंमत बघा. नेपोलियनच्या फौजेला बंदुकीची दारू हवी, दारूला सोरा हवा आणि त्या सोऱ्यासाठी बर्नार कूर्त्वा हा फ्रेंच कारखानदार समुद्रशेवाळाची राख वापरत होता. १८११ मध्ये त्यात गंधकाम्ल जरा जास्तच पडलं आणि भसकन जांभळी वाफ निघाली. ते होतं आयोडिन! १८२० मध्ये जिनिव्हाच्या डॉक्टर कुआंदे यांनी ते गलगंडावर देऊन पाहिलं. थायरॉइडचा खुराक सापडला तो असा, लढाईच्या धामधुमीत.

तंजावूर म्हटलं की भातशेती आणि बृहदीश्वर. जिल्ह्याला समुद्रही आहे हे कुणाच्या ध्यानातच नसतं. पण समुद्रातलं शेवाळ ताटात येतं: तमिळ मुस्लीम घरांत रमजानच्या इफ्तारला ‘कडल पासी’ लागतेच. म्हणजे आपलं चायना ग्रास, लाल शेवाळातून काढलेलं. पाण्यात उकळायचं, दूध-साखर घालायची, ताटात ओतायचं. चाळिशीच्या आसपास तापमान उतरलं की ते आपोआप थिजतं आणि पुन्हा वितळायला जवळपास ८५ अंश लागतात. जिलेटिनची जेली तंजावूरच्या मे महिन्यात पाणी पाणी होईल. ही वडी मात्र फ्रिजबाहेरही ताठ. शिवाय चायना ग्रास पक्कं शाकाहारी, जवळजवळ सगळं तंतुमय, त्यामुळे पोट भरतं आणि साफही राहतं. वरून साखर किती ओतली, ते ज्याचं त्यानं बघावं.

जपान्यांचं पोट तर आणखी पुढचं. सुशीभोवती गुंडाळतात त्या नोरीतली शर्करा पचवणारी जनुकं त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंनी चक्क सागरी जिवाणूंकडून उचलली आहेत, असं २०१० मध्ये उघड झालं. नोरीत बी-१२ही असतं, हे शाकाहाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

पण म्हणून शेवाळाच्या गोळ्यांवर तुटून पडू नका. मोठ्या माणसाला दिवसाला आयोडिन लागतं १५० मायक्रोग्रॅम. कोम्बू नावाच्या वाळलेल्या शेवाळाच्या एका ग्रॅममध्ये ते २,९०० मायक्रोग्रॅमपर्यंतही भरतं! घरात आयोडिनयुक्त मीठ आहे ना? मग घाई कशाला? थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हिजिकी नावाचं काळं शेवाळ तर खाऊच नका, असं ब्रिटनचं अन्नखातं सांगतं. त्यात आर्सेनिक असतं.

आणि शेवाळ कधी तोंडात घातलं नाही म्हणता? आइस्क्रीम आणि टूथपेस्ट दाट करणारं कॅराजिनन शेवाळातूनच येतं. त्यासाठीचं लाल शेवाळ रामनाथपुरम जिल्ह्यात बायका बांबूच्या तराफ्यांवर वाढवतात, साधारण ४५ दिवसांत कापणी. भातही सुटलेला नाही: इफ्को ‘सागरिका’ नावानं शेवाळाचा अर्कच विकते, पिकावर फवारायला.