ऑलिंपिकच्या शुभंकरांची गंमत

गणेशचतुर्थीला घरात गणपती बसला, की लहान मुले हटकून एक प्रश्न विचारतात. एवढा मोठा देव, आणि त्याचे वाहन एवढासा उंदीर कसा? मोठी माणसे हसून वेळ मारून नेतात. पण हसू आले म्हणून देवाचा मान काही कमी होत नाही. ऑलिंपिकच्या शुभंकरांकडे पाहिले की मला नेहमी या उंदराची आठवण येते.

शुभंकर म्हणजे स्पर्धेचे शुभचिन्ह म्हणून निवडलेला प्राणी किंवा बाहुला. ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर वाल्डी हा १९७२ साली म्युनिकला आला. जगातले वेगवान धावपटू जमणार, आणि त्यांचे चिन्ह कोण, तर आखूड पायांचा, लांबुडक्या अंगाचा डॅक्सहुंड कुत्रा! मॅरेथॉनचा मार्गही नकाशावर याच कुत्र्याच्या आकाराचा आखला होता. बिचारे धावपटू ४२ किलोमीटर धापा टाकत धावले, ते कुत्र्याला प्रदक्षिणा घालत!

यामागचा हेतू मात्र गंभीर होता. हिटलरच्या काळातले १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक जगाच्या मनातून पुसले जावे, म्हणून यजमानांनी लाल आणि काळा रंग टाळून सारे हसरे रंग निवडले. पण त्याच म्युनिकमध्ये अतिरेक्यांच्या हल्ल्यात इस्राएलच्या पथकातील ११ जणांचा बळी गेला. त्यानंतर रंगीत वाल्डीकडे पाहून कोणाला हसू आले असेल?

१९८० साली मॉस्कोने मिशा नावाचे गोजिरवाणे अस्वल पुढे केले. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या म्हणून अमेरिका आणि तिच्या बाजूचे अनेक देश गेलेच नाहीत. चार वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये सॅम नावाचा गरुड उंच टोपी घालून पाहुण्यांची वाट पाहत उभा राहिला, तर या वेळी अस्वल रुसले! दोन्ही प्राणी हसतमुख, मिठी मारावी असे. त्यांचे धनी मात्र एकमेकांचे तोंड पाहायला तयार नाहीत. लग्नघरात दोन व्याह्यांचे वाजावे आणि पोरांनी मात्र अंगणात मजेत खेळावे, तसाच हा प्रकार. आपला मॉरिशस पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला, तो या गरुडाच्याच घरी, १९८४ साली. मॉस्कोच्या समारोपात प्रेक्षकांनी हातातल्या फलकांनी मिशाचे चित्र उभे केले आणि त्याच्या डोळ्यातून अश्रू ओघळताना दाखवला. मग भल्यामोठ्या फुग्यांचा मिशा आकाशात उडून गेला. त्या निरोपाने कित्येकांचे डोळे पाणावले.

शुभंकर नुसत्या कल्पनेतून घडवायला गेले की कधीकधी फजिती होते. १९९६ साली अटलांटाने निळ्या रंगाचा एक बाहुला काढला. तो ना पशू, ना पक्षी, ना माणूस. त्याचे पहिले नावच मुळी ‘व्हॉटिझिट’, म्हणजे ‘हे आहे तरी काय?’ लोकांनीही तेच विचारले! पुढे त्याचे रूप बदलून ‘इझी’ असे बारसे करावे लागले. २०१२ साली लंडनचे वेनलॉक आणि मँडेव्हिल आले. जन्म पोलादाच्या थेंबातून, डोळा एकच आणि तोही कॅमेऱ्याचा, डोक्यावर टॅक्सीचा दिवा. अशी टॅक्सी रात्री समोरून आली तर हात दाखवायचा की पळायचे?

सगळ्यांत मोठी गंमत झाली ती २००० साली सिडनीत. अधिकृत शुभंकर तीन होते: कूकाबरा पक्षी, प्लॅटिपस आणि एकिड्ना. पण दूरदर्शनवरच्या एका विनोदी कार्यक्रमाने त्यांची टर उडवायला फॅट्सो नावाचा लठ्ठ बुडाचा वोंबॅट काढला. लोकांनी त्यालाच डोक्यावर घेतले. ऑस्ट्रेलियाचे काही खेळाडू पदक घ्यायला गेले तेही फॅट्सोची बाहुली हातात घेऊन! बिनबोलावता आलेला पाहुणा पाटावर बसला, आणि मानाचे तिघे बघत राहिले.

वाचकहो, शुभंकर समितीच्या ठरावाने मोठा होत नाही. लोक ज्याच्यावर प्रेमाने हसतात, तोच त्यांच्या घरचा होतो.

आता आपल्याकडेच पाहा. २००८ साली बीजिंगमध्ये ब्रुनो ज्युलीने मुष्टियुद्धात कांस्यपदक जिंकले आणि मॉरिशसला पहिले ऑलिंपिक पदक मिळाले. पण आपल्या राजचिन्हावर पक्षी कोणता? डोडो! त्याला उडता येत नव्हते. डच खलाशी आल्यावर शंभर वर्षांच्या आत तो नाहीसा झाला, आणि त्याची अंडी फस्त करणाऱ्यांत जहाजातून उतरलेले उंदीरही होते. तरी आपण त्याला टोप्यांवर, पिशव्यांवर, खेळण्यांत मिरवतो. शर्यत हरलेल्याला असे मांडीवर घेणारे लोक जगात थोडेच.

यंदा गणपतीपुढे मुलांनी पुन्हा उंदराचा प्रश्न विचारला, तर त्यांना हसू द्यावे. आणि जमल्यास डोडोची गोष्टही सांगावी.