मोठं झेपेना, तेव्हा लहान

मैत्रिणींनो, रोवणीत कंबर धरली की आपण दुखणं दाबून राबतो, नाहीतर ‘आता काही होत नाही’ म्हणून बसतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी तिसरी वाट धरली. जन्म आपल्या नागपूरचा, १९२४ चा. रोलर नि सुरीनं रंगाचे थर देत ते मोठे कॅनव्हास रंगवत. १९८४ मध्ये दिल्लीत ऑटोच्या अपघातात जबर दुखापत झाली. मोठं काम झेपेना, तेव्हा त्यांनी छोटे कागद नि शाई घेतली. पुढे पुन्हा कॅनव्हासही रंगवले. त्यांचं १९९५ चं एक चित्र २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात २९ कोटींवर गेलं. तेव्हा ते हयात नव्हते.

आम्ही एवढंच सांगतो: दुखणं डॉक्टरांना दाखवा, काम अंगाला झेपेल एवढं घ्या, पण आवडीचं काम सोडू नका.