संबंधानंतरचा रक्तस्राव : दुखणे अंगावर काढू नका



आजचा विषय असा आहे की, त्याची घरात कुजबुजही होत नाही. पाळीचे दिवस नसताना, पतिपत्नीच्या संबंधानंतर एखाद्या बाईच्या अंगावरून रक्त जाते. ती घाबरते, पण सांगणार कोणाला? धीर करून जावेच्या कानावर घातले, तर "बाई, उष्णता झाली असंल, धन्याचं पाणी पी," एवढेच उत्तर मिळते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय नि घाटाखाली काय, कापूसवेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दवाखाना गाठणे सोपे नसते. मग दुखणे अंगावर काढले जाते.

हे रक्त उष्णतेचे नव्हे आणि पापाचेही नव्हे. योनीच्या वरच्या टोकाला गर्भाशयाचे तोंड असते. जंतुसंसर्गाने ते सुजले की धक्का लागताच रक्त येते. अशा वेळी पुष्कळदा पांढरे-पिवळे, वास येणारे पाणीही जाते. कधी तेथे लहानसा मांसल कोंब वाढलेला असतो. तरुणपणी, गरोदरपणी किंवा संततिनियमनाच्या गोळ्या चालू असताना आतले मऊ अस्तर तोंडाबाहेर पसरते व चटकन रक्ताळते. पाळी गेल्यावर योनीची त्वचा पातळ व कोरडी होते, तिला ओरखडा पडतो. बहुतेक वेळा कारण असे साधेच निघते.

पण याच लक्षणाआड कधी गर्भाशयमुखाचा कर्करोग लपलेला असतो. तो बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. विषाणू शरीरात टिकून राहिला, तरी कर्करोग व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षे लागतात. म्हणजे त्याला वेळीच पकडता येते. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, 1999 पासून 30 ते 59 वर्षांच्या सुमारे 1 लाख 31 हजार ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गावांत या विषाणूची एकदाच तपासणी झाली, तेथे या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, असे 2009 साली प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियाही शेतात राबणाऱ्याच होत्या.

आता करायचे काय? आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात किंवा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जा. डॉक्टर साधनाने गर्भाशयाचे तोंड प्रत्यक्ष पाहतात. सौम्य ॲसेटिक आम्ल लावले की संशयास्पद भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. गरज पडली तर तुकडा काढून तपासतात. न पाहता नुसत्या गोळ्या घेऊन परतू नका. संबंधातून पसरणारा संसर्ग निघाला, तर नवऱ्यानेही औषध घेतले पाहिजे. पाळी गेल्यावर एकदा जरी डाग दिसला, तरी थांबू नका. गरोदरपणी रक्त गेले, किंवा ते थांबतच नसेल, तर तत्काळ दवाखाना गाठा.

पुरुष बंधूंनो, या रक्तावरून बायकोवर संशय घेऊ नका, तिच्यासोबत चला. शिक्षक-शिक्षिकांनो, मातापालक सभेत हा विषय काढा. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना या विषाणूविरुद्ध लस देता येते, हेही सांगा.

लाज दोन मिनिटांची असते. तेवढी सोसून तपासणी करून घ्या.