ब्रिगेडियर निवृत्त झाले तरी केव्हा? ‘डॉक्टर हू’मधील न सुटलेल्या कालगणनेची गोष्ट

लंडनच्या भुयारी रेल्वेत यती शिरले, ती घटना नेमकी कोणत्या वर्षातली? प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण ब्रिटनमध्ये या प्रश्नावर गेली चार दशके गंभीरपणे वाद घातला जात आहे. वाद घालणारे लोक वकील, अभियंते, शिक्षक, संशोधक असे एरवी व्यवहारी म्हणावेत असेच आहेत. त्यांच्यापुढील पुरावे म्हणजे बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकाल्पनिकेतील पात्रांच्या तोंडची वाक्ये आणि खटला एकच: ‘युनिट’ या लष्करी संस्थेच्या कथा कोणत्या काळात घडतात?

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी ही मालिका सुरू झाली. तिचा नायक कालप्रवासी. कोणत्याही शतकात, कोणत्याही ग्रहावर जाणारा. त्याला पृथ्वीवर भेटलेला सर्वांत जवळचा सहकारी म्हणजे ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्ट. परग्रहवासीयांच्या आक्रमणांना तोंड देणाऱ्या ‘युनिट’चे हे ब्रिटिश प्रमुख. निकोलस कोर्टनी यांनी ही भूमिका साकारली आणि शिस्तप्रिय, काहीसा हटवादी, पण मित्राच्या पाठीशी ठाम उभा राहणारा हा अधिकारी प्रेक्षकांच्या घरचा माणूस झाला.

दोन हिशेब

पहिला हिशेब १९६८च्या दोन कथांतून निघतो. ‘द वेब ऑफ फिअर’मध्ये भुयारी रेल्वेतील यतींशी सामना होतो. तिबेटमध्ये १९३५ साली घडलेल्या यतींच्या पहिल्या प्रकरणाला चाळीसहून अधिक वर्षे लोटली, असे त्यात सांगितले जाते. म्हणजे ही कथा १९७५च्या अलीकडची असू शकत नाही. त्याच वर्षाअखेरच्या ‘द इन्व्हेजन’मध्ये ब्रिगेडियर सांगतात, की त्या प्रकरणाला चार वर्षे होत आली. ‘युनिट’चे पहिले दर्शन याच कथेत घडते. १९७५मध्ये चार मिळवले, की १९७९ उजाडते. पुढे १९७५च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये नायकाची सहप्रवासी सारा जेन आपण १९८० सालातून आल्याचे सांगते. बेरीज चोख जमते. निर्मात्यांना ‘युनिट’चा काळ प्रक्षेपणाच्या काही वर्षे पुढचा, म्हणजे नजीकच्या भविष्यातला अभिप्रेत होता.

दुसरा हिशेब १९८३च्या ‘मॉड्रिन अनडेड’मध्ये मांडला जातो आणि पहिल्याची पार वाट लावतो. येथे ब्रिगेडियर निवृत्त होऊन एका शाळेत गणित शिकवत आहेत आणि साल आहे १९७७. राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे वर्ष असल्याने त्याबाबत शंकेला जागाच नाही. निवृत्ती त्याआधी वर्षभर, १९७६मधली. दोन्ही हिशेब खरे मानले, तर संस्था स्थापन होण्यापूर्वीच तिचे प्रमुख निवृत्त झाले होते!

घोळ झाला कसा?

या कथेत आधी ब्रिगेडियर नव्हतेच. मालिकेच्या सुरुवातीच्या वर्षांतील शिक्षक इयन चेस्टरटन यांना परत आणण्याचा बेत होता. अभिनेते विल्यम रसेल उपलब्ध झाले नाहीत, म्हणून त्या जागी ब्रिगेडियर आले. शाळा तीच राहिली, सालही तेच राहिले. माणूस मात्र बदलला आणि त्याच्यासोबत त्याचा सगळा पूर्वेतिहास आला.

त्यामागे आणखी एक कारण आहे. साठच्या दशकात दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम एकदा दाखवून विसरण्याची गोष्ट होती. बीबीसीने या मालिकेच्या अनेक जुन्या चित्रफिती पुसून टाकल्या. नव्वदहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत. १९६८मध्ये लिहिणाऱ्याला पंधरा वर्षांनी कुणी बेरीज तपासून पाहील, अशी कल्पना येणे शक्य नव्हते.

पुराव्यांची छाननी

चाहत्यांमध्ये यावरून सरळ दोन पक्ष पडले. भविष्यवादी पक्ष १९७०च्या ‘द अ‍ॅम्बॅसडर्स ऑफ डेथ’कडे बोट दाखवतो: तीत ब्रिटन मंगळावर माणसे पाठवतो. १९७१च्या ‘द डेमन्स’मध्ये बीबीसीची तिसरी वाहिनी आहे, प्रत्यक्षात तेव्हा दोनच होत्या. १९७५च्या ‘टेरर ऑफ द झायगॉन्स’मध्ये ब्रिगेडियर फोनवर पंतप्रधानांशी बोलताना स्त्रीला उद्देशून वापरायचे संबोधन वापरतात. मार्गारेट थॅचर त्या वर्षी केवळ पक्षनेत्या झाल्या होत्या, पंतप्रधान व्हायला आणखी चार वर्षे होती.

वर्तमानवादी पक्षाचे म्हणणे असे, की मोटारी, कपडे, फोन, केशरचना सारे काही सत्तरच्या दशकातले आहे. शिवाय १९७७ हे साल पडद्यावर निर्विवादपणे ठरवून दिले आहे. समन्वयवाद्यांनी तिसरी वाट काढली: कालप्रवासाच्या मालिकेत काळच बदलला असेल, तर तक्रार कसली? यावर दोन्ही पक्षांचा आक्षेप एकच आहे. प्रत्येक चुकीला हे उत्तर चालत असेल, तर कोणत्याच गोष्टीला अर्थ उरत नाही.

या आक्षेपातच वादाचे मर्म आहे. काल्पनिक जगातील नियम वाटेल ते असू शकतात. पण एकदा घातलेले नियम पाळले जातील, या विश्वासावरच पात्रांच्या सुखदुःखाला वजन येते. ब्रिगेडियर निवृत्त केव्हा झाले, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ अंकगणिताचा राहत नाही. डॉक्टरच्या सोबतीची त्यांची वर्षे कोणती, हा तो प्रश्न आहे. फेब्रुवारी २०११मध्ये कोर्टनी यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालिकेत डॉक्टर फोन करतो, तेव्हा ब्रिगेडियर काही महिन्यांपूर्वी गेल्याचे त्याला कळते. मृत्यूची नोंद अशी नेमकी झाली. उमेदीच्या वर्षांची मात्र कधीच झाली नाही.

निकाल

२००५मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिची सूत्रे लहानपणापासूनच्या चाहत्यांकडे होती. घोळ त्यांना पुरता ठाऊक होता. २००८मध्ये खुद्द डॉक्टरच आपण ‘युनिट’मध्ये होतो ते सत्तरच्या दशकात की ऐंशीच्या, असा संभ्रम बोलून दाखवतो. २०१३च्या सुवर्णमहोत्सवी भागात ब्रिगेडियर यांची कन्या केट एका जुन्या प्रकरणाचा काळ सत्तरचे वा ऐंशीचे दशक असा सांगते आणि ते कालगणनेच्या पद्धतीवर अवलंबून असल्याची पुस्ती जोडते. निर्मात्यांनी चूक दुरुस्त केली नाही. ती मान्य करून कथेत सामावून घेतली.

अशा चाहत्यांना किसकाढू म्हणणे सोपे आहे. परंतु बीबीसीने ज्या भागांची चित्रे गमावली, त्या प्रत्येक भागाचा आवाज आज ऐकता येतो, तो केवळ काही मुलांनी प्रक्षेपणाच्या वेळी घरातील ध्वनिमुद्रण यंत्र सुरू ठेवले म्हणून. चार वर्षे की चाळीस, हे कान देऊन ऐकणारे आणि अख्खी मालिका जपून ठेवणारे एकाच वृत्तीचे लोक होते. ज्यांनी ती बनवली, त्यांना ती जपावीशी वाटली नव्हती.