सत्ताविसाव्या वर्षीची निवृत्ती

२५ मार्च १९७२ रोजी कार्डिफच्या आर्म्स पार्क मैदानावर वेल्सने रग्बी सामन्यात फ्रान्सला २०-६ असं हरवलं. त्या वीस गुणांतले बारा बॅरी जॉनच्या चार पेनल्टींचे होते. वेल्सकडून तो पुन्हा कधीच खेळला नाही. वय अवघं सत्तावीस. इतक्या लवकर निवृत्ती का, असं विचारलं की एक किस्सा हमखास सांगितला जातो: उत्तर वेल्समध्ये एका बँकेच्या समारंभात एका तरुणीने राजघराण्यातल्या माणसाला करावं तसं गुडघा वाकवून त्याला अभिवादन केलं आणि आपण आता चारचौघांतले राहिलो नाही, हे त्याला लख्ख जाणवलं. किस्सा खुद्द जॉनचाच आहे, त्यामुळे तो खोटा ठरवण्याचं कारण नाही. पण त्याची कारकीर्द बारकाईने पाहिली तर प्रसिद्धीइतकाच, किंबहुना तिच्याहून जास्त, दोष खेळाडूंना खेळाचे पैसे घेऊ न देणाऱ्या हौशी खेळाच्या नियमाकडे जातो.

ही प्रसिद्धी आली ती १९७१च्या न्यूझीलंड दौऱ्यातून. केव्हनाइथिन या कोळसा खाणीच्या गावातला जॉन फ्लाय-हाफ, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा खेळाडू, होता आणि त्या दौऱ्यावर गेलेल्या ब्रिटिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाचे प्रशिक्षक कारविन जेम्सही त्याच गावचे. डनीडनच्या पहिल्या कसोटीत जॉनने लाथेने उडवलेला चेंडू पुन्हा पुन्हा मैदानाच्या कोपऱ्यांकडे जात राहिला आणि ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंड संघाचा, अनुभवी फुल-बॅक फर्गी मॅकॉर्मिक त्यामागे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत राहिला. मॅकॉर्मिकला त्यानंतर एकही कसोटी मिळाली नाही. चार कसोटींत लायन्सचे ४८ गुण झाले, त्यांतले ३० एकट्या जॉनचे. लायन्सने न्यूझीलंडमध्ये जिंकलेली ही आजवरची एकमेव मालिका. तीन महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या या दौऱ्यात खेळाडूंच्या हाती पडायचा तो फक्त किरकोळ दैनिक भत्ता. तिकिटांचा पैसा संघटनांकडे जायचा. परतल्यावर देशभर ओळखला जाणारा हा माणूस नोकरीवर हजर व्हायचा आणि तिथेही लोकांचा गराडा चुकत नसे. प्रसिद्धीचा सगळा भार त्याच्यावर होता. तो पेलायला लागणारी मिळकत आणि आडोसा मात्र नियमाने नाकारला होता.

जॉनचा सहकारी गॅरेथ एडवर्ड्स वेल्सच्या त्याच संघात, त्याच नियमाखाली १९७८पर्यंत खेळला, मग जॉनलाच का जमू नये, असा आक्षेप घेता येईल. स्वभावाचा फरक मान्य करायलाच हवा. पण निवृत्तीनंतर आत्मचरित्राचे पैसे घेतले म्हणून एडवर्ड्सलाही व्यावसायिक ठरवून रग्बी युनियनपासून, म्हणजे हे दोघे खेळले त्या हौशी प्रकारापासून, दूर ठेवण्यात आलं. म्हणजे या नियमाची झळ त्यालाही बसलीच, फक्त उशिरा. जॉनने पैशाची तक्रार केली नाही, हा दुसरा मुद्दा. मात्र तक्रार करून मिळणार काय होतं? रग्बी लीग या रग्बीच्या दुसऱ्या, व्यावसायिक प्रकारात पैसा होता, पण तिकडे गेलेल्याला युनियनचे दरवाजे बंद व्हायचे. १९८९मध्ये वेल्सचा जोनाथन डेव्हिस विडनेस या लीग क्लबकडे गेला तो हाच सौदा पत्करून. सतरा वर्षं उलटूनही वेल्सच्या नियामकांनी जॉनच्या जाण्यातून काही धडा घेतला नव्हता, हे मला अक्षम्य वाटतं.

ऑगस्ट १९९५मध्ये रग्बी युनियनमध्ये मानधनाला मुभा मिळाली. वेल्सकडून २५ सामने खेळलेला बॅरी जॉन तेव्हा पन्नास वर्षांचा होता.